वाचकांचे प्रश्न : आधी वजन, मग हुक

प्रश्न : आमच्याकडे दोन लिटर इंजिनाची, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची पाच आसनी एसयूव्ही आहे. दोन मुलांसह आम्ही चौघे एक छोटा कॅम्पर ट्रेलर घेऊन फिरायला जाऊ इच्छितो. त्याचे रिकामे वजन ६४० किलो आणि भरल्यानंतरचे कमाल अनुमत वजन ९०० किलो आहे. गाडीच्या पुस्तिकेत ब्रेक असलेला ट्रेलर १५०० किलोंपर्यंत, ब्रेक नसलेला ७५० किलोंपर्यंत आणि हुकावरचा उभा भार जास्तीत जास्त ७५ किलो असे आकडे दिले आहेत. गाडी ओढण्याची ताकद भरपूर आहे असे दिसते, मग केवळ टो हुक बसवून भागेल का? गिअरबॉक्ससाठी वेगळा कूलर आणि मागे कडक स्प्रिंग बसवण्याचा सल्ला काही जण देतात, तो मानावा का?

उत्तर : आपण पुस्तिकेतले तिन्ही आकडे कळवलेत, त्यामुळे नेमके उत्तर देणे शक्य झाले. बहुतेक जण फक्त पहिला, म्हणजे १५०० किलोंचा आकडा पाहतात आणि निर्धास्त होतात. आपल्या बाबतीत अडचण त्या आकड्यात नसून तिसऱ्या आकड्यात, म्हणजे हुकावरच्या ७५ किलोंत आहे. गाडी ट्रेलर ओढू शकेल की नाही, हे इंजिनाच्या ताकदीपेक्षा गाडीच्या पाठीवर किती भार टाकता येतो यावर अधिक ठरते, आणि म्हणून खरेदीची यादी करण्यापूर्वी वजनांचा हिशेब करावा असा माझा आग्रह आहे.

ट्रेलरचा पुढचा दांडा हुकावर टेकतो तेव्हा ट्रेलरच्या एकूण वजनाचा काही भाग गाडीवर येतो. हा भाग फार कमी असेल तर ट्रेलर उलाळ होतो, म्हणजे मागे झुकलेल्या बैलगाडीसारखा पुढून हलका पडतो आणि वेग वाढला की शेपटीसारखा डुलू लागतो. उत्तर अमेरिकेत हा भाग एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के ठेवण्याची शिफारस असते, तर युरोपात साधारण ५ ते ७ टक्क्यांवर काम चालते, कारण तिथे ट्रेलर ओढताना वेग कमी ठेवला जातो आणि हुकांची मर्यादाही त्याच बेताने ठरवलेली असते. आपला कॅम्पर पूर्ण ९०० किलोंचा भरला तर त्याचे १० टक्के ९० किलो होतात आणि हुकाची मर्यादा ओलांडली जाते. ७५ किलोंवर थांबलात तर प्रमाण ८ टक्क्यांच्या थोडे वर राहते, ते चालण्यासारखे आहे. तरीही मी आपल्या जागी असतो तर कॅम्परचे भरलेले वजन ८०० किलोंच्या आसपास ठेवले असते, म्हणजे तेच ७५ किलो ९ टक्क्यांहून अधिक झाले असते आणि स्थिरता वाढली असती. पाण्याची टाकी भरून निघण्याऐवजी मुक्कामाच्या जवळ भरली तरी प्रत्येक लिटरमागे एक किलो वाचतो.

आता गाडीचा हिशेब. पुस्तिकेतल्या एकूण अनुमत वजनातून गाडीचे रिकामे वजन वजा केले की माणसे, सामान आणि हुकावरचा भार या सगळ्यांसाठी किती जागा उरते ते कळते. रिकाम्या वजनात काही उत्पादक ७५ किलोंचा चालक धरतात, काही धरत नाहीत, एवढे तेवढे तपासून घ्यावे. उदाहरणादाखल ही जागा ४८० किलो आहे असे समजू. चौघांचे मिळून २७० किलो, टो बारचे, म्हणजे हुक ज्यावर बसतो त्या गाडीखालच्या आडव्या दांडीचे, वजन २२ किलो आणि हुकावरचे ७५ किलो धरले की ३६७ किलो संपतात आणि डिकीतल्या सामानासाठी ११३ किलो उरतात. टपावर कॅरिअर लावून त्यावर सायकली चढवल्या की हे ११३ किलो पाहता पाहता संपतात.

याहून सहज नजरेआड होणारी गोष्ट मागच्या ॲक्सलची आहे. हुक मागच्या चाकांच्या बराच मागे असतो, त्यामुळे तो तरफेसारखे काम करतो. हुक मागच्या ॲक्सलपासून एक मीटर मागे आणि दोन्ही ॲक्सलमधले अंतर २.७ मीटर असेल, तर हुकावरच्या ७५ किलोंमुळे मागच्या ॲक्सलवर सुमारे १०३ किलो वाढतात आणि पुढच्या चाकांवरचे सुमारे २८ किलो कमी होतात. पुढची चाकेच सुकाणू धरतात आणि ब्रेक लावताना मोठा वाटाही तीच उचलतात, म्हणून जड सामान मागच्या बंपरला खेटून न ठेवता मागच्या आसनाला टेकवून ठेवावे.

हुकावरचा भार अंदाजाने ठरवू नये, कारण तो घरच्या वजनकाट्यावर मोजता येतो. कॅम्पर प्रवासाला निघतानासारखा पूर्ण भरावा, सपाट जमिनीवर उभा करून चाकांना दोन्ही बाजूंनी अडणी लावावी, काट्यावर लाकडाचा भक्कम ठोकळा उभा करून त्यावर कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची हुकावर बसणारी पकड, टेकवावा आणि पुढचे टेकूचे चाक वर घ्यावे. मात्र ठोकळ्याची उंची अशी हवी की ट्रेलर गाडीला जोडल्यावर जसा समतल राहील तसाच राहावा, नाहीतर आकडा चुकतो. भार कमी-जास्त करणे मग सोपे असते. ॲक्सलपासून कपलर तीन मीटरवर असेल आणि २० लिटर पाण्याचा कॅन आपण अडीच मीटर पुढे सरकवला, तर हुकावरचा भार सुमारे १७ किलोंनी वाढतो. माझ्या पहिल्या कॅम्परमध्ये मी स्वयंपाकाचे सगळे जड सामान सोय म्हणून मागच्या कप्प्यात भरले होते, आणि ताशी ८० किलोमीटरला ट्रेलर असा हेलकावू लागला की बाजूला थांबून अर्धे सामान पुढे आणावे लागले. त्यानंतर काट्यावर मोजल्याशिवाय मी कधीही निघालेलो नाही.

टो बार आपल्याच मॉडेलसाठी बनवलेला आणि गाडीच्या सांगाड्यावर उत्पादकाने दिलेल्या मूळ जागांवर बसणारा घ्यावा. बारची क्षमता गाडीपेक्षा जास्त असली तरी गाडीची क्षमता त्यामुळे वाढत नाही. गाडी, बार, बॉल (हुकाच्या टोकाचा गोळा) आणि कपलर यांपैकी ज्याचा आकडा सर्वांत लहान तोच आपला. बोल्ट टॉर्क पान्याने ठरलेल्या मापाला आवळलेले असावेत आणि पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर पुन्हा तपासावेत. बॉलच्या मापाकडे विशेष लक्ष द्या, कारण ५० मिलिमीटर आणि दोन इंच हे दोन बॉल डोळ्यांना सारखेच दिसतात. दोन इंच म्हणजे ५०.८ मिलिमीटर, आणि एवढ्याशा फरकाने कपलर एक तर नीट मिटत नाही किंवा बॉलवर सैल राहतो. माप सहसा कपलरवर आणि बॉलवर कोरलेले असते.

आपला कॅम्पर ७५० किलोंहून जड होणार असल्याने त्याला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत, आणि याबाबत मी कोणतीही तडजोड सुचवणार नाही. ट्रेलरला दाबाने चालणारे ब्रेक असतील, म्हणजे गाडी मंदावली की ट्रेलर पुढे सरकून कपलर दबतो आणि त्या दाबाने ब्रेक लागतात, तर गाडीत वेगळे काही बसवावे लागत नाही. इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर गाडीत कंट्रोलर हवा, आणि तो ठराविक वेळेनुसार जोर वाढवणारा न घेता गाडी किती जोराने मंदावते ते ओळखून त्या प्रमाणात ब्रेक लावणारा घ्यावा. ट्रेलर सुटला तर ब्रेक आपोआप लावणारी तार गाडीवरच्या पक्क्या कडीला अडकवावी. सुरक्षा साखळ्या असतील तर त्या दांड्याखाली फुलीसारख्या एकमेकींवरून न्याव्यात, म्हणजे कपलर निसटलाच तर दांडा रस्त्यात न रुतता त्या झोळीत अडकतो.

वायरिंगवर पैसे वाचवण्याचा मोह टाळावा. जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या तारा सोलून त्यांना जोड देत असत, पण आजच्या गाड्यांत दिवे संगणकाच्या देखरेखीखाली असतात आणि असा जोड दिल्यास चुकीचे इशारे येतात किंवा महागडा भाग जळतो. मॉडेलसाठीचा स्वतंत्र हार्नेस (तारांचा तयार संच) आणि मॉड्यूल (ट्रेलरचे दिवे सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) बसवून त्याची नोंद गाडीच्या संगणकात करून घ्यावी. या नोंदीमुळे अनेक गाड्यांत मागचे पार्किंग सेन्सर ट्रेलर जोडल्यावर बंद होतात आणि डुलणे आवरणारी यंत्रणा जागी होते. एक खूण लक्षात ठेवा : एका बाजूचा इंडिकेटर लावला आणि ट्रेलरचे इतर दिवेही त्याच तालावर मंद-प्रखर होऊ लागले, तर दोष बहुधा बल्बमध्ये नसून अर्थच्या तारेत असतो.

कूलरबद्दल माझे मत असे की उत्पादकाने आपल्या मॉडेलसाठी ट्रेलर ओढण्याचा संच सांगितला असेल आणि त्यात कूलर असेल, तर तो अवश्य बसवावा. तसे नसेल तर स्वतःहून नळ्या कापून कूलर जोडू नये, कारण गळतीचा आणि वॉरंटी जाण्याचा धोका फायद्याहून मोठा असतो. त्याऐवजी गिअरबॉक्सचे तेल कठोर वापरासाठी दिलेल्या वेळापत्रकानुसार लवकर बदला. हे तेल तापते ते मुख्यतः टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे नेणारा भाग, घसरत राहिल्याने, म्हणजे लांब चढावर उंच गिअरमध्ये गाडी रखडवल्याने. तिथे स्वतः खालचा गिअर घेऊन इंजिन मोकळे फिरू दिले की निम्मे काम होते. आपला गिअरबॉक्स सीव्हीटी प्रकारचा, म्हणजे ठराविक गिअरांऐवजी पट्ट्यावर चालणारा, असेल तर ही काळजी दुप्पट घ्यावी.

कडक स्प्रिंग किंवा हवेच्या फुग्यांमुळे गाडीची मागची बाजू वर उचलली जाते, पण अनुमत वजन एका किलोनेही वाढत नाही. ट्रेलर जोडण्यापूर्वी आणि नंतर चारही चाकांवरच्या कमानींची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा. मागची बाजू फार खाली आणि पुढची स्पष्ट वर जात असेल तर आधी सामान कमी करा. दिवे समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून हेडलाइटचा कोन खाली घ्यायला विसरू नका. आरसे कॅम्परच्या रुंदीपलीकडे पाहू शकत नसतील तर जोड-आरसे लागतील. गाडीच्या मागच्या टायरांत पूर्ण भाराचा दाब भरा आणि ट्रेलरच्या टायरांवरचा चार अंकी आकडा वाचा. २३१९ असे लिहिले असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला आहे. नक्षी नवीकोरी दिसली तरी सात-आठ वर्षांच्या टायरवर कुटुंबाला घेऊन निघू नये.

प्रश्न : उतारावर माझा छोटा ट्रेलर अचानक डुलू लागला, तेव्हा मी घाबरून ब्रेक दाबला आणि डुलणे वाढले. काय करायला हवे होते?

उत्तर : पाय ॲक्सिलरेटरवरून अलगद काढून स्टिअरिंग सरळ धरून ठेवायला हवे होते, कारण डुलण्याच्या विरुद्ध दिशेने स्टिअरिंग फिरवण्याचा प्रयत्न जवळजवळ नेहमी एक क्षण उशिरा होतो आणि हेलकाव्याला जोर देतो. ट्रेलरला इलेक्ट्रिक ब्रेक असतील तर कंट्रोलरच्या हाताच्या खटक्याने फक्त ट्रेलरचे ब्रेक हलकेच लावावेत, म्हणजे ट्रेलर मागे ओढला जाऊन सरळ होतो. उतार सुरू होण्यापूर्वीच वेग कमी करून खालचा गिअर घेतला असता तर बहुधा ही वेळ आली नसती. थांबल्यावर हुकावरचा भार मोजा, टायरांचा दाब पाहा आणि कपलर बॉलवर खरोखर बसला आहे का ते तपासा. काही वेळा कपलर बॉलवर पूर्ण न उतरता नुसता टेकलेला असतो आणि खटका मात्र बंद झालेला दिसतो. पिन लावल्यावर पुढच्या जॅकने दांडा वर उचलून पाहावा. त्याबरोबर गाडीची मागची बाजूही उचलली गेली, तरच जोड पक्का झाला आहे असे समजून जॅक वर घ्यावा.