तंबाखू ठेवतात तिथेच पांढरा चट्टा आला आहे, पण दुखत नाही. दाखवणे गरजेचे आहे का?

आपले वडील गेली अनेक वर्षे चुना लावून मळलेली तंबाखू खातात, खालच्या ओठाच्या आत पांढरा चट्टा दिसू लागला आहे आणि ‘दुखत नाही, मग डॉक्टरकडे कशाला’ असे ते म्हणतात, असे आपण लिहिले आहे. मी दंतवैद्य आहे आणि तंबाखूमुळे आलेले चट्टे नेहमी तपासतो, म्हणून आधी हेच सांगतो की न दुखण्यावर विसंबून राहू नका. कर्करोगाच्या आधीच्या अवस्थेतले चट्टे बहुधा दुखत नाहीत. दुखणे सुरू होते तेव्हा पुष्कळदा आजार पुढे गेलेला असतो.

तंबाखूचा बार रोज एकाच जागी धरला जातो आणि चट्टाही नेमका तिथेच उमटतो. चुन्यामुळे मिश्रण अल्कधर्मी होऊन निकोटिन झपाट्याने शोषले जाते, चुना आतली नाजूक त्वचा भाजत राहतो आणि तंबाखूतील नायट्रोसामाइन्स ही कर्करोगकारक द्रव्ये तासन्‌तास तिथेच मुरतात. ओठ हलकेच बाहेर ओढून उजेडात पाहा. त्वचा पाण्यात फार वेळ राहिलेल्या बोटांसारखी पांढुरकी आणि सुरकुतलेली असेल, तर तंबाखू पूर्ण बंद केल्यावर असे चट्टे अनेकदा काही आठवड्यांत निवळतात. मात्र चट्ट्यात लाल भाग दिसणे, तो जाड किंवा खडबडीत होणे, बोटाला कडक लागणे, त्यातून रक्त येणे किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असणे, यांपैकी काहीही आढळले तर एक दिवसही घालवू नये. यांपैकी काही नसले तरी एकदा तपासणी हवीच, कारण घरी पाहून खात्री होत नाही.

डॉक्टर बहुधा बायोप्सी सुचवतील. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ ही भीती लोकांच्या मनात फार खोलवर बसलेली आहे आणि तिच्यापायी मोलाचे महिने वाया जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात. त्याने कर्करोग पसरत नाही, आणि चट्ट्यातील पेशी बदलल्या आहेत की नाहीत हे त्यातूनच नक्की कळते. तोवर औषधाच्या दुकानातून आणलेले तोंड येण्यावरचे मलम लावत बसू नये.

वडील सुपारीचा खर्रा किंवा मावाही खात असतील, तर उभी धरलेली तीन बोटे तोंडात जातात का, हेही पाहा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, गाल ताठर लागत असतील, तर तो तोंड आखडण्याचा वेगळा आजार असू शकतो आणि सवय सुटली तरी तो ताठरपणा सहसा पूर्ववत होत नाही.

सोडून आता काय उपयोग, असे वडील म्हणतील. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात तंबाखू सोडण्यासाठी लोकांना वर्षानुवर्षे समजावले गेले, तेव्हा तोंडात नवे पांढरे चट्टे येण्याचे प्रमाण घटलेले आढळले. सोडताना १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. तपासणीसाठी जवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे, आणि घरात आई किंवा आजी मशेरी लावत असतील तर त्यांचेही तोंड त्याच फेरीत दाखवावे. मशेरी ही भाजलेली तंबाखूच असते, पण दात घासण्याची वस्तू समजून डॉक्टरांनी विचारल्यावर तिचे नावही कोणी घेत नाही.