शनिवारी रात्री दहा वाजताचा संदेश

पत्र: नवापूर तालुक्यात ख्रिस्ती मंडळ्यांचा पाळक आहे, वय ३६. चार गावांतल्या मंडळ्या माझ्याकडे, सगळं मोटरसायकलवर. आठवडा घरभेटी, आजारी माणसं, लग्नं आणि मयतीत जातो. वाचन बंद पडलंय. शनिवारी रात्री मोबाईलवर कुणाचा तरी संदेश, म्हणजे प्रवचन, ऐकतो आणि रविवारी तोच देतो. परवा उपासनेनंतर मंडळीच्या एका वडिलांनी, म्हणजे ज्येष्ठ कारभाऱ्यांनी, बाजूला घेतलं, "पाळकसाहेब, हे तर तुम्ही तीन आठवड्यांपूर्वीच सांगितलं." लोकांसाठीची प्रार्थना तोंडपाठ झालीय, स्वतःसाठी करायला बसलो की शब्द येत नाही. माझा विश्वास गेला का? सेवा सोडू का? घरी अजून बोललो नाही.

सलाम पाळकसाहेब,

सेवा सोडण्याचा विषय दोन महिने बाजूला ठेवा. दमलेल्या माणसाचा निर्णय बहुधा दमणूकच घेते. आणि विश्वास खरंच गेला असता, तर तोच संदेश पुन्हा दिल्याची लाज वाटली नसती. पत्रातून वेगळंच दिसतं: तुम्ही बायबल उघडता ते रविवारी काय द्यायचं हे शोधायलाच. दिवसभर भाकरी थापायच्या आणि स्वतः एकही खायची नाही, असं चाललंय.

तेव्हा आधी तुमची भाकरी. संदेशाचं बायबल वेगळं आणि तुमचं वेगळं ठेवा, म्हणजे अक्षरशः दोन प्रती. तुमची प्रत छापील हवी. मोबाईलवर वाचताना निम्मं लक्ष येणाऱ्या मेसेजकडे असतं. या प्रतीतून संदेश काढायचा नाही, अधोरेखितही काही करायचं नाही.

रोज तीन अध्याय आणि रविवारी पाच, हा हिशेब तुम्हाला ठाऊक असेल. आठवड्याला २३, वर्षात बायबलचे सगळे ११८९ अध्याय पुरे होतात. पण उत्पत्तीपासून निघालात तर चार आठवड्यांत उत्पत्ती आणि निर्गमाचे मिळून ९० अध्याय होऊन गाडी लेवीय या पुस्तकात शिरते, आणि बहुतेकांचा नेम तिथेच रुततो. कोरड्या दिवसांत ही वाट नको. मार्कचं शुभवर्तमान घ्या, १६ अध्याय, रोज एक. सोबत एक स्तोत्र. दोन्ही मोठ्याने वाचा. शब्द येत नाहीत तेव्हा दुसऱ्याचे शब्द तोंडात असलेले बरे. ८८वं स्तोत्र मुद्दाम वाचा. ते अंधारातच संपतं, शेवटी दिवा लावत नाही, तरी ते शास्त्रात आहे.

इतर वाचन रोज दहा पानं, बस्स. दोनशे पानांचं पुस्तक वीस दिवसांत होतं. पौलाचं तीमथ्याला दुसरं पत्र काढा, चौथा अध्याय, तेरावी ओवी. माणूस कैदेत आहे, हिवाळा तोंडावर आहे आणि तो निरोप धाडतो: त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा आण, पुस्तकंही आण, विशेषतः चर्मपत्रं. अंगावरच्या पांघरुणाची आणि पुस्तकांची मागणी एकाच ओवीत. वाचनाला चैन समजणाऱ्या मंडळीच्या पंचांना ही ओवी खुशाल दाखवा.

आता संदेश. एकच संदेश चारही गावांत दिला तर ती चोरी नव्हे. चोरी होते शनिवारी रात्री. काम मंगळवारी सुरू करा. दहा-पंधरा ओव्यांचा उतारा निवडून वहीत हाताने उतरवून काढा. छापलेलं वाचताना जी ओवी आपण गिळून टाकतो, ती लिहिताना अडते. संदेश बहुतेक तिथेच असतो. बुधवारी फक्त प्रश्न लिहा, उत्तरं नकोत. गुरुवारी उतारा घरात कुणाला तरी पाच मिनिटांत तोंडी सांगा, आणि तुमच्या मावची बोलीत सांगा. पुस्तकी मराठीमागे जो गोंधळ लपतो, तो मावचीत लगेच उघडा पडतो. शुक्रवारी सुरुवात आणि शेवट शब्दशः लिहा, मधले मुद्दे चार ओळींत. सगळा लिहू नका: वीस मिनिटांचं बोलणं म्हणजे वहीची दहाएक पानं, आणि मग तुम्ही मंडळीकडे न बघता वहीकडे बघत राहाल. शनिवारी सहानंतर वही बंद. दुसऱ्यांचं ऐकायचं असेल तर शुक्रवारनंतर, आधी नाही.

वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने आखा: तारीख, गाव, उतारा. पुन्हा तेच सांगितलं जाण्यावर दुसरा इलाज नाही. बॉलपेनने लिहा, जेलची शाई पावसात पसरते. वहीला जाड प्लॅस्टिकची पिशवी. प्रार्थनेला मोटरसायकल वाईट जागा नाही, पण डोळे उघडे, फोन बंद आणि हेल्मेट डोक्यावर. गाव सुटलं की पुढच्या गावातली घरं क्रमाने आठवा, एका घराला एक वाक्य. लांबच्या सभेला शक्य तिथे पॅसेंजर घ्या. नवापूर ते नंदुरबार गाडीत दहा पानं सहज होतात. रात्रीची सभा आटोपून कोंडाईबारी घाट उतरायचा असेल तर तिथेच मुक्काम करा. सकाळी निघाल्याने कुणाचं काही अडत नाही.

चार गावं एकट्याने ओढू नका. महिन्यातला एक रविवार प्रत्येक गावात वडिलांनी उपासना चालवावी: गीतं, स्तोत्र, शास्त्रवाचन, प्रार्थना. सुरुवातीला अडखळतील, अडखळू द्या. सोमवार सुटीचा, मयत सोडून दुसरं कारण चालणार नाही, हे पंचांसमोर बोलून वहीत नोंदवून घ्या. नुसतं मनात ठरवलेला सोमवार पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी साखरपुड्यात जातो.

घरी आजच सांगा. तुम्ही पाळक असलात तरी बायकोला नवरा दमलेला कधीच दिसला असेल, तुमच्या तोंडून ऐकायचं तेवढं राहिलंय. एलीया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत बसला तेव्हा देवदूताने त्याला विश्वासाबद्दल काही विचारलं नाही. भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, पुन्हा उठवून जेवू घातलं. दोन आठवड्यांहून अधिक झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर ते प्रार्थनेच्या कमतरतेवर ढकलू नका. डॉक्टरांना दाखवा, सरकारी टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

राहिले ते वडील. त्यांच्याकडे चहाला जा, खुलासा करायला नव्हे. तीन आठवड्यांपूर्वीचा संदेश ज्याच्या लक्षात राहिला असा माणूस मंडळीत आहे, हे पाळकाला सहसा कळत नाही. त्यांना विचारा, त्यातलं नेमकं काय राहिलं लक्षात? आणि वही सोबत न्या.