आंदोलन: मोर्च्याच्या आधीचा झोका

प्रश्न असा आला: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'दोलन', गाण्याच्या वहीत 'आंदोलन' आणि पेपरात 'रास्ता रोको आंदोलन'. हा शब्द एकच का? आ + दोलन म्हणजे चहूबाजूंनी दोलन, असं समजायचं का?

नाही हो! ही 'आ + दोलन' फोड ऐकून कान किटले. 'आ' उपसर्ग लागला असता तर 'आदोलन' झालं असतं. मधला अनुस्वार काय आभाळातून पडला? संस्कृतात 'अन्दोलन' आणि 'आन्दोलन' दोन्ही आहेत, अर्थ झोके घेणं. शेजारीच 'हिन्दोल' आहे, आपला हिंदोळा. तेव्हा कुणी फलकावर 'अंदोलन' लिहिलं की खिदळणाऱ्या शुद्धलेखनवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. (मराठीत 'आंदोलन'च लिहायचं, ते मान्य.)

धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'तुल उन्माने' (तुल म्हणजे तोलणं) आणि 'दुल उत्क्षेपे' (दुल म्हणजे वर उडवणं) अगदी खेटून बसलेत. एकातून तुला नि तोलणं, दुसऱ्यातून दोला म्हणजे झोपाळा, डोलणं, डोली. आमच्या ओटीवरच्या झोपाळ्यावर एकटी आजी बसो की आम्ही तीन पोरं, कडीची कुरकुर त्याच तालात यायची. वजनानं दोलनकाल, म्हणजे एका दोलनाला लागणारा वेळ, बदलत नाही, हे शाळेआधी तिथंच कळलं. मीटरभर दोरीच्या लंबकाला एका दोलनाला साधारण 2 सेकंद लागतात, बघा करून.

गाण्यात हीच दोलनं मोजायची. मध्य षड्जाची, म्हणजे मधल्या 'सा'ची, सेकंदाला 240 आंदोलनं धरली, तर तार षड्जाची, म्हणजे वरच्या 'सा'ची, 480.

आता माझा लाडका मुद्दा. 'आंदोलन छेडलं' यातलं 'छेडणं' हिंदीची उसनवारी म्हणून भाषाशुद्धीवाले नाक मुरडतात. अहो, तार छेडली की तिची आंदोलनंच होतात! हा प्रयोग वीणेवरूनच आला असणार, असं मला वाटतं. पुरावा मागाल तर नाही, पण 'निव्वळ योगायोग' म्हणणाऱ्यांकडे तरी कुठाय? राजकारणासाठी अस्सल मराठी शब्द हवा तर 'चळवळ' आहे की. संयुक्त महाराष्ट्राची चळवळच होती. आणि तिच्यातही चळणं आहेच. एका जागी न बसणाऱ्या पोराला आपण चळवळ्या म्हणतोच ना.

हां, मुलीचं राहिलंच. विज्ञानाच्या परीक्षेत 'दोलन' लिहू दे.