मेडिकल कॉलेजात समतेवर एक तास घ्यायचाय, मुलांना काय सांगू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सरकारी मेडिकल कॉलेजात नुकतेच असिस्टंट प्रोफेसर म्हणून लागलात, डीननी पहिल्या वर्षाला 'विविधता, समता आणि समावेशन' यावर एक तास घ्यायला सांगितलंय, आणि पीपीटीत काय टाकावं ते सुचत नाहीये.

मी विदर्भात पीएसएम, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा विषय, शिकवते, अठरा वर्षं झाली. आधी ती पीपीटी बाजूला ठेवा. संविधानाची प्रास्ताविका आणि आनंदीबाई जोशींचा फोटो मुलांनी शाळेत दहादा पाहिलाय, तिसऱ्या स्लाइडला मोबाइल बाहेर येतात. त्यापेक्षा स्वतःचं काहीतरी चुकलेलं सांगा. माझं सांगते.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर लेक्चर होतं. 'कोणत्या समाजांत आढळतो' अशी स्लाइड, खाली जाती-जमातींची यादी. मी ती खणखणीत आवाजात वाचली, वर नेहमीच्या सवयीने वर्गभर नजर फिरवली. मागे थोडी कुजबुज झाली. तिसऱ्या रांगेतल्या एका मुलीने वही मिटली. संध्याकाळी ती डिपार्टमेंटला आली. "मॅडम, मी एएस आहे. रूममेट विचारतायत, तो तुमच्यातलाच आजार ना?"

एएस म्हणजे वाहक: सिकलसेलचं जनुक एकाच पालकाकडून आलेलं. मला उत्तर सुचलं नाही. स्लाइडवरची माहिती खोटी नव्हती. पण मी नावं आधी घेतली आणि कारण सांगितलंच नाही.

आता मी मलेरियापासून सुरुवात करते. जिथे फाल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार पिढ्यान् पिढ्या मुक्कामाला होता तिथे हे जनुक टिकलं, कारण एएस माणसाला गंभीर मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून ते आफ्रिकेत आहे, सौदी अरेबियात आहे, ग्रीसमध्ये आहे आणि आपल्या नंदुरबार-गडचिरोलीतही आहे. मग लग्नाचा भाग येतो: सोयरीक आपापल्यातच होत राहिली की दोन एएस एकत्र यायची शक्यता वाढते, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळाला एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजार, असण्याची शक्यता चारात एक. इतकं झाल्यावर समाजांची नावं घेतली तरी कुणी मागे वळून बघत नाही. नावं गाळायची नाहीत हं, पुढे तपासणी कुठे करायची ते त्यावरूनच ठरतं. आणि सोल्युबिलिटी टेस्टच्या, म्हणजे सिकलसेलच्या प्राथमिक तपासणीच्या, प्रॅक्टिकलला रक्ताचा पहिला थेंब माझ्या बोटाचा असतो.

तासाचा उरलेला वेळ तोंडी परीक्षेला द्या. म्हणजे व्हायव्हाला. "नाव पूर्ण सांग. गाव कुठलं? नीटला किती होते?" विषयाचा पहिला प्रश्न यायच्या आत परीक्षकाच्या मनात मार्क पडलेले असतात. दिल्लीच्या एम्समधल्या तक्रारींवर नेमलेल्या थोरात समितीने २००७ मध्ये अहवाल दिला, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी हेच सांगितलं होतं: प्रॅक्टिकल आणि व्हायव्हात न्याय मिळत नाही, परीक्षक जात काढतात. वसतिगृहात आपण ठरावीक मजल्यांवर ढकलले जातो, हेही होतं.

यावर औषध जुनंच आहे. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये ओएससीई ही प्रात्यक्षिक परीक्षेची पद्धत मांडली: सगळ्यांना तीच स्टेशनं, तीच कामं, मार्कांची तीच यादी. आपण ती घेतो, पण शेजारच्या खोलीत टेबल व्हायव्हा जसाच्या तसा चालू असतो. आमच्या डिपार्टमेंटला इंटर्नलसाठी आम्ही चिठ्ठ्यांचा डबा ठेवला. मुलाने रोल नंबर सांगायचा, चिठ्ठी उचलायची, तोच पहिला प्रश्न. एक ज्येष्ठ सर म्हणाले, "ही काय तंबोला पार्टी आहे का?" पुढच्या टर्मला मात्र डबा त्यांच्याच टेबलावर होता. मुलांना हे सांगाच, कारण उद्या परीक्षकाच्या खुर्चीत तीच बसणार आहेत.

भाषेचं थोडं. ऑल इंडिया कोट्यातल्या १५ टक्के जागांवर आलेली मुलं फाडफाड इंग्रजी बोलतात, आणि मराठी माध्यमातून आलेला मुलगा वर्गात तोंड उघडत नाही. ओपीडीत उलटं होतं. बाई म्हणते, "अंगावरून पांढरं जातं, कंबर लागून राहते," आणि फाडफाडवाले माझ्याकडे बघायला लागतात. मी हिस्टरी घ्यायला जोड्या लावते, एक बाहेरचा, एक इथला. इथल्याने बोली शिकवायची, बाहेरच्याने केस इंग्रजीत मांडायला मदत करायची. मेळघाटातला एक मुलगा कोरकूत, तिथल्या आदिवासींच्या भाषेत, बोलायला लागला तेव्हा चार दिवस गप्प पडून असलेली म्हातारी चक्क हसली. त्या दिवसापासून वॉर्डात त्याला सगळे 'सर' म्हणायला लागले, आधी थट्टेने, मग खरंच.

दिव्यांग विद्यार्थ्यांबद्दल एकच गोष्ट नीट वाचून जा. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलं, की केवळ दिव्यांगत्व ४० टक्क्यांवर आहे म्हणून एमबीबीएसचा प्रवेश नाकारता येणार नाही, त्या मुलाला हा अभ्यासक्रम झेपतो का हे दिव्यांगत्व तपासणाऱ्या बोर्डाने बघायला हवं. आणि तुमचा लेक्चर हॉल कितव्या मजल्यावर आहे, लिफ्ट चालते का, तेही बघून ठेवा. कुणीतरी विचारेल.

फॉरेन्सिकवाल्यांना आधीच गाठा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अभ्यासक्रमात समलिंगी संबंध 'अनैसर्गिक गुन्ह्यां'च्या यादीत परत आले होते, ओरड झाली आणि सप्टेंबरमध्ये ते मागे घ्यावं लागलं. लायब्ररीतल्या जुन्या पुस्तकांत मात्र अजून तेच छापलेलं आहे, आणि मुलं वाचतात तीच.

तास दुपारी दोनचा घेऊ नका. मेसचं जेवण झाल्यावर समता काय, ॲनाटॉमीसुद्धा डोक्यात शिरत नाही.