चार अधिक चार आठ होत नाहीत, भाऊ

चार जीबी मेमरीच्या ग्राफिक्स कार्डाला (संगणकाच्या पडद्यावरचं चित्र काढणारं कार्ड) तसंच जुनं दुसरं जोडून आठ जीबी करायचा तुझा बेत ऐकला. पैसे देण्याआधी थांब. गेममध्ये तसं होत नाही. एसएलआय किंवा क्रॉसफायर या दोन कार्डं जोडून चालवायच्या पद्धतींमध्ये कार्डं बहुधा आळीपाळीने फ्रेम, म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, काढतात. प्रत्येकाला अख्खं दृश्य काढायचं असतं, म्हणून तीच टेक्स्चरं (वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवायची चित्रं) दोघांच्याही मेमरीत भरावी लागतात. रावेरच्या एकाच केळीबागेचा नकाशा दोन मजुरांना दिला तर बाग वाढते का? २०१२ चं जीटीएक्स ६९० हे कार्ड बघ. ४ जीबीचं म्हणून विकलं गेलं, पण आत दोन चिपा, प्रत्येकीला २ जीबी. गेमच्या हाती दोनच जीबी.

डायरेक्टएक्स १२ मध्ये (गेम ज्यातून कार्डाशी बोलतो ती विंडोजची प्रणाली) दोन्ही कार्डांची मेमरी वेगळी वापरता येते, पण ते काम गेम बनवणाऱ्याने करायचं असतं, आणि फार थोड्यांनी केलं.

घरी भाषेची एआय मॉडेलं चालवायची असतील तर मात्र हिशेब बदलतो. मॉडेलचे काही थर एका कार्डावर, काही दुसऱ्यावर ठेवता येतात. तिथे मेमरीची जवळजवळ बेरीज मिळते.

आणि आपला उन्हाळा! मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो. कार्डं चिकटून बसली की वरच्याला खालच्याची गरम हवाच ओढावी लागते.

गेमच खेळायचे असतील तर जुनं विकून ८ किंवा १२ जीबीचं एकच घे. जळगावला येशील तेव्हा फोन कर, दुकानात मी सोबत येतो.