शस्त्र उचलण्याआधीचं पान

प्रिय पोरी,

तुझ्या कॉमिकची पानं मिळाली, दोनदा वाचली. रेषा चांगलीच सुटी झालीय, चेहरे बोलायला लागलेत, पावसातलं ते अख्खं पान तर झकास. पण तुझी नायिका पहिल्याच पानावर चौघांना लोळवते, तिसऱ्यावर आणखी सहा जणांना, आणि शेवटपर्यंत तिला साधा ओरखडाही येत नाही. तिला कुणाची भीती नाही, कुणाची ओढ नाही. तुला खंबीर मुलगी काढायची होती हे समजतं. पण ती खंबीर आहे हे मी ओळखायचं कशावरून? तिची कसोटी लागेल अशी वेळच तू येऊ दिलेली नाहीस.

ज्या शोजो मांगांवर, म्हणजे मुलींसाठीच्या जपानी चित्रकथांवर, तुझा एवढा जीव आहे, त्या पुन्हा उघड. या खेपेला लढाईची पानं बाजूला ठेव आणि त्यांच्या आधीची वाच.

मिझुहो कुसानागी यांची 'योना ऑफ द डॉन' घे. २००९ साली 'हाना तो युमे' या मांगा मासिकात सुरू झालेली चित्रमालिका. योना सुरुवातीला लाडावलेली राजकन्या आहे, आपल्या लाल केसांवरून कुरकुरणारी. सोळाव्या वाढदिवशी तिच्या डोळ्यांदेखत वडिलांना मारतात, आणि मारणारा तोच, ज्याच्यावर तिचं लहानपणापासून प्रेम. त्यानंतर ती लगेच सूडाला निघते का? छे. कितीतरी पानं ती नुसती सुन्न असते. जेवत नाही, बोलत नाही, हाक नावाचा तिचा अंगरक्षक नेईल तिकडे जाते. मग कड्यावरचा प्रसंग येतो. हाक खाली लोंबकळतोय आणि तिला तर मागून केसांना धरून ठेवलंय. ती हाती आलेल्या तलवारीने स्वतःचेच केस कापते आणि सुटून त्याच्याकडे धावते. त्या घावाने एकही शत्रू पडत नाही, तरी मालिकेतला पहिला खरा वार तोच. तिच्या वडिलांना शस्त्रांचा तिटकारा होता. मुलीला त्यांनी कधी हत्याराला हात लावू दिला नाही. त्यामुळे पुढे ती हाककडे धनुष्य शिकायचा हट्ट धरते, तेव्हा ज्यांच्यासाठी ती रडते त्यांचाच शब्द मोडत असते. आणि कुसानागी तिला एका रात्रीत पटाईत करत नाहीत. बाण चुकतात, हात दुखतात, आपण सोबत थांबतो.

युमी तामुरा यांची 'बासारा' (१९९० ते १९९८) याहून कठोर आहे. भविष्यातला वाळवंट झालेला जपान. जुळ्या भावंडांपैकी तातारा हाच गावाचा तारणहार असं सगळे मानतात. तो मारला जातो, आणि त्याची बहीण, पंधरा वर्षांची सारासा, केस कापून जाहीर करते की मेली ती सारासा, मी तातारा. गाव सावरावं म्हणून ती स्वतःलाच मेलेली ठरवते. वर ती ज्याच्या प्रेमात पडते तो शुरी म्हणजेच तिचा वैरी, लाल राजा, आणि दोघांनाही एकमेकांची ओळख ठाऊक नाही. प्रेमकथेने लढाई मवाळ होते असं तू मागे म्हणाली होतीस. इथे बघ, प्रेमामुळेच प्रत्येक चढाई जिवावर येते. या प्रकारातली ही सर्वात ताकदीची मालिका, असं माझं ठाम मत आहे.

ही परंपरा जुनी आहे. ओसामू तेझुका यांनी १९५३ साली 'रिबन नो किशी' सुरू केली; तिच्यातली सॅफायर राजगादीसाठी मुलगा म्हणून वावरते. तेझुका ताकाराझुका गावात वाढले, जिथल्या रंगभूमीवर पुरुषांच्या भूमिकाही बायकाच करतात. रियोको इकेदा यांची 'रोझ ऑफ व्हर्साय' १९७२-७३ची, आणि १९७४ साली तिचं नाटक त्याच ताकाराझुका मंडळीने रंगमंचावर आणलं! त्यातल्या ऑस्करला बापाने मुलगा म्हणून वाढवलं, राजघराण्याच्या पहारेकरी दलात घातलं. फ्रेंच राज्यक्रांतीत, १४ जुलै १७८९ ला, पॅरिसच्या बास्तीय तुरुंगासमोर, ती कुठल्या बाजूला उभी राहते ते तू स्वतः वाच. 'सेलर मून' या मांगातली नायिका उसागी तर रडूबाईच आहे, आणि तरीही पुढे होते.

आता तुझ्या पानांविषयी. नायिकेच्या हाती दांडपट्टा दिलास, फार आवडलं. पण पाचव्या पानावर तिचं मनगट वाकलंय. पट्ट्याची मूठ लोखंडी आवरणाच्या आत असते, ते आवरण हातावर वर चढतं, म्हणून मनगट वळतच नाही. फिरतो तो सगळा हात, खांद्यापासून. कोल्हापूरकडे मर्दानी खेळ बघायला मिळाला तर पट्ट्याकडे कमी आणि पायांकडे जास्त बघ.

दुसरी गोष्ट, दिशा. जपानी पान उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे तिथे चाल करून जाणारी नायिका बहुधा डावीकडे झेपावते. तू ती मांडणी जशीच्या तशी उचललीस, पण तुझं पान वाचायचं डावीकडून. म्हणून सातव्या पानावर ती चढाई करतेय की माघार घेतेय, तेच कळेना. चित्र उलटं करून बघ, लगेच फरक दिसेल.

पहिली तीन पानं मात्र नव्याने काढ. त्यात एकही मारामारी नको. पट्टा अजून भिंतीवर आहे, घरात तिला अडवणारं कुणीतरी आहे, आणि त्या माणसावर तिचा जीव आहे. ते कोण, हे तू ठरव. कच्ची रेखाटनं चालतील, शाई करत बसू नकोस. झाली की पाठव.

तुझी,
ताई