जुनी चांदीची नाणी घेताना जीएसटी भरून पक्कं बिल घ्यावं का? या करामुळे विक्रेत्यांचं आणि संग्राहकांचं नुकसान होतं का?

घ्यावंच. तुमचा विक्रेता म्हणतोय, "बिल नको असेल तर जीएसटी सोडतो." नेमकं हेच वाक्य आमच्या घरात भांडणाचं मूळ आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

कोल्हापुरात माझा जुन्या नाण्यांचा छोटा व्यवहार आहे. माझा चुलत भाऊ, आम्ही त्याला दादाच म्हणतो, माझ्या आधीपासून नाणी जमवतो. शिवराई, म्हणजे मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं, ओळखण्यात त्याचा हात धरणारा माणूस मी पाहिला नाही. पण बिल म्हटलं की त्याच्या कपाळावर आठी. "टॅक्सच्या पैशात आणखी दोन शिवराया येतात," हे त्याचं ठरलेलं उत्तर.

एका प्रदर्शनात त्याला 1939 चा चांदीचा रुपया दिसला. हा रुपया फार दुर्मिळ, म्हणून मोलाचा. रोख पैसे, कच्ची चिठ्ठी, वर "तुमच्यासाठी टॅक्स सोडला" असा गोडवा. दादा खुशीत माझ्याकडे आला. काट्यावर वजन 11.66 ग्रॅम, एकदम बरोबर. चांदी बरोबर, राजाचा चेहरा बरोबर, कडेच्या रेघा बरोबर. मग मी भिंग घेतलं आणि शेवटच्या आकड्यावर थांबलो. नऊच्या पोटाखाली, डावीकडे, धातू खरवडलेला होता. बाकी सगळ्या पृष्ठभागावर जुनी राखट झाक आणि तेवढ्याच ठिकाणी बारीक, चकचकीत ओरखडे. 1938 च्या अस्सल रुपयातल्या आठचा नऊ केलेला. नाणं खरं, साल खोटं. वजनाने आणि कसाने हे कधीच पकडता येत नाही.

दादाने त्या विक्रेत्याला फोन केला. तो म्हणाला, "हे आमच्याकडचं नाहीच." चिठ्ठीवर काय होतं? "चांदी नाणे, 1 नग" आणि रक्कम. साल नाही, दुकानाचं नाव नाही, जीएसटी नंबर नाही. ग्राहक आयोगात काय घेऊन जाणार? दादा आजही म्हणतो की दोष त्या माणसाचा, बिलाचा काय संबंध? संबंध आहे. ज्याला आठचा नऊ करून विकायचाय, तो स्वतःच्या जीएसटी नंबराखाली "1939" लिहून सही करायला धजत नाही. "बिलावर साल लिहा" एवढं म्हणून बघायचं. पाच टक्के करात याहून स्वस्त परीक्षा मिळत नाही.

आता कराचं. सोन्या-चांदीवर, म्हणजे सराफाकडच्या नव्या नाण्यांवरही, 3 टक्के. संग्राह्य नाण्यांवर 5 टक्के. जीएसटीच्या आधी महाराष्ट्रात सोन्या-चांदीवरचा व्हॅट एक टक्क्याच्या आसपास होता, त्यामुळे 2017 ला सगळ्यांनाच चटका बसला. कायद्यात पैसा ही "वस्तू" नाही, म्हणून त्यावर कर नाही. पण नाणकमूल्यासाठी, म्हणजे संग्राहक देतात त्या किमतीसाठी, बाळगलेलं चलन "पैसा" या व्याख्येतूनच बाहेर काढलंय. म्हणजे चलनातला रुपया दुकानात खर्च केला तर कर नाही, तोच संग्रहासाठी विकला तर आहे.

सराफाकडून एक लाखाचं सोन्याचं नाणं घेतलं तर तीन हजार कर गेला. तो विकताना परत येत नाही, मोडीला त्या दिवसाचा भाव मिळतो, तोही थोडा कापून. बँकेकडून घेतलेलं नाणं तर बँक परत घेतही नाही. नोंदणीकृत सराफाला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो कर त्याच्या विक्रीवरच्या करातून वजा होतो; तुम्हाला ते मिळत नाही. म्हणून नुसती गुंतवणूक करायची असेल तर नाणी घेऊच नका, गोल्ड ईटीएफ (सोन्याच्या भावाशी जोडलेला, शेअर बाजारात मिळणारा फंड) घ्या, त्याच्या युनिटवर जीएसटी नाही.

आम्हा छोट्या विक्रेत्यांना टक्का मारत नाही, कागद मारतो. राज्यातल्या राज्यात वस्तू विकल्या तर 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण एक पाकीट बेळगावला पाठवलं की आंतरराज्य विक्री झाली, आणि मग उलाढाल कितीही असो, नोंदणी सक्तीची. बेळगाव आमच्यापासून किती लांब आहे, सांगा! बेंगळुरूच्या प्रदर्शनात टेबल मांडायचं तर तिथे तात्पुरती नोंदणी, ती 90 दिवसांची, आणि विक्रीचा अंदाज बांधून कर आगाऊ भरायचा. दोन दिवसांत किती नाणी खपतील हे कोण सांगू शकतं? यामुळे कितीतरी जाणकार माणसं कच्च्या धंद्यात ढकलली जातात. हा सरकारचा दोष आहे आणि मी तो कुठेही बोलून दाखवेन.

मात्र सवलत आहे ती लोक वापरत नाहीत. जुन्या वापरलेल्या वस्तूंसाठी जीएसटी नियम 32(5) आहे: खरेदीवर क्रेडिट घेतलं नसेल तर कर फक्त फरकावर. एखाद्या घरातून 4,000 ला घेतलेलं नाणं 5,000 ला विकलं तर 1,000 वर 5 टक्के, म्हणजे 50 रुपये. पूर्ण रकमेवर धरले तर 250 होतात. मी माझ्या सीएच्या सल्ल्याने असंच करतो. तुमचा विक्रेता पूर्ण रकमेवर लावत असेल तर त्याला हा नियम विचारा.

आणखी एक दुखणं. चांदी चढली की साध्या सालाच्या राणीछाप (व्हिक्टोरिया राणीचं चित्र असलेल्या) रुपयांची संग्राह्य किंमत आणि धातूची किंमत जवळजवळ सारखी होते. मग ते सरळ मुशीत जातात. एका रुपयात साधारण 10.7 ग्रॅम शुद्ध चांदी, आटवणाऱ्याला तेवढंच दिसतं. धातूला 3 आणि नाण्याला 5, हे उलटं पाहिजे होतं.

दर अधूनमधून बदलतात, तेव्हा घेण्याआधी ताजे तपासा. मोठा संग्रह विकलात तर भांडवली नफ्यावर आयकरही आहे, तो सीएला विचारा. बिलावर साल, टांकसाळ आणि वजन लिहून घ्या, नाण्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो बिलालाच टाचून ठेवा. दादा, तू हे वाचत असशील तर तुझ्या पुढच्या रुपयापासून तूही.